तातडीची मदत हवी आहे: कोझुमेलला बोट थांबते तेवढ्यात तुलुम बघून होईल का?

सांगलीकर_ह्यूस्टन:
नाताळच्या सुट्टीत टेक्सासातल्या गॅल्व्हस्टनहून मेक्सिकोची क्रूझ आहे. कोझुमेलला बोट सकाळी ८ ते संध्याकाळी ५. तुलुमचे प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष बघायचेत. बाहेरच्या एका टूरवाल्याकडे बुकिंग केलंय, बोटीच्या टूरपेक्षा जवळजवळ निम्म्यात पडतंय. त्यांनी साडेनऊला बोलावलंय. वेळेत परत येऊ ना? पैसे परत मिळायची मुदत उद्या रात्री संपते, तेव्हा कृपया लवकर सांगा.

मुक्ता:
किती जण आहात? लहान मुलं, वयस्कर कोणी? आणि साडेनऊला नक्की कुठे बोलावलंय? तुलुम कोझुमेल बेटावर नाही, समुद्र ओलांडून पलीकडे आहे.

एच_फोरवाली:
भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का ते आधी बघा. तो चालू असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रिंटही जवळ असू द्या.

सांगलीकर_ह्यूस्टन:
व्हिसाचं सगळं बघून झालंय, तो प्रश्नच नाहीये. सहा जण आहोत. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ५ वर्षांची, आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. बाबांनी हायस्कूलला इतिहास शिकवला, माया लोकांबद्दल मिळेल ते वाचत आलेत. त्यांच्यासाठीच हा सगळा घाट. आईचा गुडघा धरतो. भेटायचं ठिकाण पलीकडच्या किनाऱ्यावरच्या प्लाया देल कारमेनचा फेरीबोटीचा धक्का.

दर्यावर्दी:
बोटीचीच टूर घ्या, डोळे मिटून. तिला उशीर झाला तर बोट थांबते, बाहेरच्या टूरसाठी थांबत नाही. गेल्या वर्षी आम्ही डेकवर उभे होतो. दोर सोडलेले, बोट आणि धक्का यांच्यात हातभर पाणी दिसायला लागलेलं, आणि एक बाई हातात चपला घेऊन धक्क्यावरून पळत येत होती. मागे नवरा, त्याच्या खांद्यावर झोपलेलं मूल. बोट थांबली नाही. ते मूल अजून डोळ्यांपुढून जात नाही.

कोकणकन्या_डॅलस:
प्रत्येक धाग्यावर हीच भीती घालता तुम्ही. आम्ही आठ क्रूझ केल्या, आठही वेळा बाहेरचीच टूर, एकदाही उशीर नाही. बोटीच्या टूरला चाळीस माणसांच्या मागे रांगेत उभं राहायचं आणि वर दुप्पट पैसे मोजायचे. सहा जणांचा फरक किती होतो बघा.

दर्यावर्दी:
आठही वेळा सोबत गुडघा धरलेली आई होती का?

वेळापत्रक:
भांडण नंतर करा, आधी घड्याळ बघा. कोझुमेल आणि तुलुम ज्या किंताना रू राज्यात आहेत, तिथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ असते. डिसेंबरात टेक्सास तिच्या एक तास मागे. बोटीने टेक्सासची वेळ कायम ठेवली तर तुमचे ८ म्हणजे बेटावरचे ९. उतरेपर्यंत साडेनऊ. त्या वेळी टूरवाला समुद्रापलीकडे तुमची वाट बघत असेल. फेरीलाच पाऊण तास लागतो.

तुमची बोट कुठल्या धक्क्याला लागणार? पुंता लांगोस्ता असेल तर फेरी चालत गाठता येईल. पुएर्ता माया किंवा इंटरनॅशनल असेल तर टॅक्सी करावी लागेल.

पुढचं गणित बेटाच्या वेळेत मांडतो. सहा जणांना घेऊन अकराची फेरी मिळेल. पावणेबाराला प्लाया, पाऊणला तुलुम. पावणेदोन तास बघितलंत, तर साडेतीनला परत प्लायात. चारची फेरी मिळाली तर ठीक. ती चुकून पाचची घेतलीत तर पावणेसहाला पोचता, आणि बोटीवर चढायची वेळ सहसा सुटण्याच्या अर्धा तास आधी संपते, म्हणजे साडेपाचला.

कोकणकन्या_डॅलस:
आमच्या बोटीने आदल्या रात्री घड्याळ पुढे केलं होतं.

वेळापत्रक:
काही करतात, काही करत नाहीत. आदल्या रात्री खोलीत कार्यक्रमपत्रिका येते, त्यात लिहिलेलं असतं. पण घड्याळ पुढे केलं तरी साडेआठला उतरून नऊची फेरी पावणेदहाला पोचते. साडेनऊ दोन्ही हिशेबांत हुकतात. आणि मोबाईल आपोआप वेळ बदलतो, त्यावर विसंबू नका. एक हातातलं घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा.

आजीचे_धपाटे:
जेवणाचं कोणी विचारलंच नाही! शाकाहारी असाल तर तिकडच्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, 'सिन मांतेका' म्हणजे 'चरबी नको' म्हणायचं. 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको' म्हटलं तरी कोंबडी येऊ शकते. मी दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते, तीन दिवस छान राहतात.

दर्यावर्दी:
घरचं शिजवलेलं बोटीवर चढतानाच काढून घेतात हो. पाकीटबंद चालतं. आणि बोटीवरची फळं खाली नेऊ नका, बंदरात तपासतात.

मुक्ता:
सांगलीकर, बाबांना माया अवशेषच बघायचेत ना? मग बेट सोडूच नका. बेटाच्या मध्यावर सान गेर्वासिओ आहे, धक्क्यावरून टॅक्सीने अर्धा तास. इश्चेल देवीच्या दर्शनाला माया बायका मुख्य भूमीवरून होड्यांनी इथे येत, मूल व्हावं म्हणून. १५१९ मध्ये मेक्सिको जिंकायला निघालेला स्पॅनिश सेनानी कोर्तेस आधी या बेटावर उतरला आणि इथल्या मूर्ती फोडल्या, हे बाबांना माहीत असेलच. तुलुमसारखा समुद्रकाठचा कडा नाही, इमारती बुटक्या आहेत. पण 'लास मानितास' नावाच्या छोट्या वास्तूच्या भिंतीवर लाल रंगात हातांचे ठसे आहेत. आपल्याकडे दारावर उमटवतात ना, तसे. माझ्या सासूबाई तिथून हलेचनात. वाट सपाट आहे, पण खडबडीत. झाडी असल्याने सावली मिळते, डास मात्र खूप, अंगाला लावायचं औषध न्याच. दुपारी लवकर बंद होतं, तेव्हा सकाळीच जा. तुलुमला सावली नाही आणि चालणं जास्त, आईंना जमणार नाही.

कोकणकन्या_डॅलस:
हे पटलं. टॅक्सीचे जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे बसण्याआधी ठरवा.

सांगलीकर_ह्यूस्टन:
मुदत संपायच्या आत रद्द केलं. घड्याळाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, वेळापत्रक आणि मुक्ता यांचे मनापासून आभार. तुलुमचं बाबांना सांगताना जीव कासावीस झाला होता, त्यांनी वर्षभर वाट बघितली होती. हातांच्या ठशांचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि "फोटो आहे का?" म्हणाले. आता आईला शेजारी बसवून कोर्तेसचं सांगतायत. धक्का पुएर्ता माया आहे, टॅक्सी तिथूनच घेऊ. आईसाठी घडीची काठी उद्या आणतो.