जुनी गाडी सकाळी नुसतं टिक टिक करते, स्टार्ट होत नाही

माझी २००४ ची पेट्रोल गाडी आहे, सकाळी चावी फिरवली की फक्त टिक आवाज येतो, लाईट लख्ख लागतात, चार-पाच वेळा केलं की मग एकदम स्टार्ट होते. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीच बदललीये. मेकॅनिक म्हणतो स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) बदला. बदलू का?

> थांबा, लगेच खर्च करू नका. मल्टिमीटर असेल तर बघा, गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास व्होल्ट पाहिजेत. मग कोणालातरी चावी मारायला सांगा अन् बॅटरीचं मायनस ते इंजिन ब्लॉक मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची वायर (बॅटरीचं मायनस इंजिनला जोडणारी) गेलीये समजा.

> +१ माझंही हेच होतं, टर्मिनलवर पांढरी बुरशी धरलेली, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतलं, आधी मायनस काढायचं हां!

> हे सगळं नीट असेल तर मात्र सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा स्विच) गेला असेल, मेकॅनिक बरोबर असू शकतो. पूर्ण स्टार्टर नको, रिपेअर होतो.

अर्थिंगच निघाली राव, बोल्ट गंजलेला. घासून घट्ट केला, आज पहिल्या झटक्यात स्टार्ट!