९.९ चं आउटबोर्ड रेस दिली की खोकतं, काय करू? (बजेट ३०००)

देवबागचा_पोरगा: मंडळी सल्ला हवाय. फायबरची होडी आहे, मागे ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक मशीन, जुनंच आहे पण आजवर दगा दिला नव्हता. पावसात शेडमध्ये पडून होतं, नारळी पौर्णिमेनंतर काढलं. दोरी ओढली की लगेच चालू होतं, हळू छान चालतं, पण अर्ध्याच्या वर रेस दिली की जरा वेळाने खोकायला लागतं आणि दम सोडतं. टाकीतून मशीनला पेट्रोल नेणाऱ्या पाइपवरचा रबरी फुगा दाबत राहिलं की परत उचलतं. खाडीत चालून जाईल हो, पण संगमाच्या तोंडावर कर्ली नदीच्या ओढीत बंद पडलं तर? बजेट ३००० च्या आत आणि प्लीज नवीन घ्या म्हणू नका.

ठाण्याचा_दर्यावर्दी: नवीन घ्या. मी गेल्या वर्षी फोर-स्ट्रोक घेतलं, आवाज नाही धूर नाही, पेट्रोल पण बरंच कमी पितं. जुन्यावर पैसे घालत बसण्यापेक्षा हप्ते भरलेले परवडतात.

दांडीचो_रापणकार: अरे बाबा आधी टाकयेच्या झाकणावरचो हवेचो स्क्रू सैल कर मरे. हवा आत गेली नाय तर पेट्रोल खयसून येतला? फुगो चपटो जाता काय बघ.

मासेखाऊ_वसई: स्पार्क प्लग. नव्वद टक्के वेळा प्लगच असतो. काळा ओला असेल तर फेकून द्या, दोन्ही नवीन टाका, एनजीके कंपनीचेच. माझं पण सेम होतं.

जुनाखलाशी: वसईकर, त्यांनी लिहिलंय की फुगा दाबला की उचलतं. वाचा तरी. प्लग खराब असता तर फुगा दाबून काय होणार? सगळी लक्षणं पेट्रोल पुरेसं पोचत नसल्याची आहेत. हळू चालताना कमी लागतं म्हणून कळत नाही, रेस दिली की कमी पडतं. रापणकारांनी सांगितलं ते पहिलं बघा. मग टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी, मशीनवरचा फिल्टर, पाइपच्या दोन्ही टोकांच्या कनेक्टरचे रबरी ओ-रिंग (तिथून हवा ओढते, पेट्रोल बाहेर गळताना दिसेलच असं नाही), आणि शेवटी मशीनवरच्या फ्युएल पंपाचा पडदा. पण खोलाखोली करायच्या आधी कोणाची तरी टाकी पाइपसकट लावून एक फेरी मारा. नीट चाललं तर दोष टाकी-पाइपमध्ये, तसंच खोकलं तर मशीनमध्ये. फुकटात कळतं.

मासेखाऊ_वसई: माझं प्लगनेच गेलं होतं एवढंच सांगतोय.

इथेनॉल_नको: कोणी ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल बोलतच नाही!! इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळाभर टाकीत ठेवलं की पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि जुन्या पाइपचं आतलं रबर सुटतं. बाहेरून पाइप झकास दिसतो आणि आतला पापुद्रा रेस दिली की आडवा येतो. जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा, खाली थर दिसला की समजा.

ठाण्याचा_दर्यावर्दी: फोर-स्ट्रोकला पण ई-२० च घालतो, काही झालं नाही.

इथेनॉल_नको: एक वर्ष झालंय तुमचं. थांबा जरा.

रत्नांग्रीचो: पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता? मी लिटरला ४० एमएल घालतो, मशीन लोण्यासारखं चालतं.

जुनाखलाशी: ४० म्हणजे २५:१ झालं (पेट्रोल २५, ऑइल १), ते नव्या मशीनच्या सुरुवातीच्या रनिंग-इनला. एरवी ५०:१, लिटरला २०. जास्त ऑइलने प्लग काळे होतात. आणि स्कूटरचं टू-टी ऑइल नको, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचंच घ्या.

रत्नांग्रीचो: माझ्या बापाने पण एवढंच घातलं, मशीन अजून चालू आहे.

मासेखाऊ_वसई: प्लग काळे होतात म्हणजे शेवटी प्लगच ना 😀

खाडीकाठची: काहीही करा, पण चाचणी खाडीत घ्या, भरती असताना, आणि होडीत वल्हं नि नांगर ठेवा. लाइफजॅकेट घाला, पोहता येतं म्हणून टाळू नका. मागून थंड पाण्याची धार जोरात येते का तेही बघा, बारीक असेल तर इंपेलर (पाणी ओढणारा रबरी पंखा) गेला असेल, तो वेगळा खर्च.

देवबागचा_पोरगा: सगळ्यांचे आभार. हवेचा स्क्रू उघडाच होता. फुगा चपटा नाही होत, मऊ पडतो. धार जोरात आहे. शेजाऱ्याची टाकी मागणार होतो पण आमचं सध्या बोलणं नाही, जागेवरून.

जुनाखलाशी: मऊ पडतो म्हणजे कुठेतरी हवा ओढतंय किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय. पाइप, फुगा, कनेक्टर असा पूर्ण सेटच बदला. फुग्यावरचा बाण मशीनच्या दिशेला हवा. तुमच्या बजेटमध्ये बसेल.

दांडीचो_रापणकार: ता मी पयलाच सांगतलंय, हवा.

जुनाखलाशी: तुम्ही झाकणाची हवा म्हणालात दादा, ही पाइपची.

देवबागचा_पोरगा: अपडेट: मालवणात पाइपचा सेट बघितला, डुप्लिकेट वाटला, नाही घेतला. काकांकडे केरोसीनवालं ८ चं पडून होतं, ते लावलंय. आवाज करतं पण दम सोडत नाही. हे दिवाळीनंतर बघू.

मासेखाऊ_वसई: मग विचारलंत कशाला?

रत्नांग्रीचो: ते जाऊ द्या, केरोसीन मिळतंय कुठे ते सांगा.