मदत हवी आहे : रक्तातलं केएल-6 वाढलंय, एक्स-रे स्वच्छ. सीटी टाळता येईल का?

नमस्कार. आई 57 वर्षांची. आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो, तिनं तीसेक वर्षं विड्या वळल्या. दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या यात्रेत थंडीनं तिची बोटं पांढरी, मग निळी पडली. पुढे हातांची कातडी आवळत गेली. सोलापुरातल्या सांधेवाताच्या डॉक्टरांनी स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव कडक करणारा आजार) सांगितला. एएनए आणि अँटी-एससीएल-70 या रक्तातल्या अँटीबॉडीच्या तपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह.

आता दोन जिने चढली की दम लागतो. कोरडा खोकला आहे, तो आम्ही तंबाखूच्या धुळीवर ढकलत होतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, म्हणून निवांत होतो. पण पुण्याच्या मावसभावानं केएल-6 (फुफ्फुसासाठीची रक्ततपासणी) करायला लावलं. ते 612 आलं, रिपोर्टवर मर्यादा 500 लिहिली आहे.

डॉक्टर एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) करा म्हणतात. मागे कंबरेच्या एमआरआयला आई घाबरून अर्ध्यातून उठली होती. "रक्त पाहिजे तेवढं काढा, त्या बोगद्यात मी जात नाही," म्हणायलीय. रक्तावरच भागेल का? 612 म्हणजे कितपत वाईट?

प्रतिसाद 1

मी डॉक्टर नाही. माझ्या बहिणीला हाच आजार आहे, त्यातून जे कळलं ते सांगते.

भागणार नाही. एससीएल-70 एवढंच सांगतं की या पेशंटच्या फुफ्फुसाला धोका जास्त. केएल-6 फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या पेशींतून येतं, त्या दुखावल्या की रक्तात वाढतं. जपानमध्ये ही तपासणी जुनी आहे, 500 ची रेघही तिकडचीच. पण काही कॅन्सरमध्येही ते वाढतं, आणि फुफ्फुसाचा किती भाग धरला हे त्यातून दिसत नाही. एका आकड्यावरून वाईट की बरं ठरवू नका. पुढे परत केलंत तर त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे चढतंय का ते कळेल.

सीआरपीवर तर अजिबात विसंबू नका. फायब्रोसिस (फुफ्फुस कडक होत जाणं) चालू असतानाही ते नॉर्मल असू शकतं. सुरुवातीचा एक्स-रेही तसाच फसवतो.

सीटीचं मशीन बोगदा नव्हे, रुंद कडं असतं, काही मिनिटांत उरकतं. कधी कधी पालथं झोपवून परत फोटो घेतात, ते आईंना आधीच सांगून ठेवा. सोबत फुंकायची टेस्ट (एफव्हीसी, म्हणजे एका दमात किती हवा बाहेर टाकता येते, आणि डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो) आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) विचारा. या आजारात फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढूनही दम लागतो, आणि तो केएल-6 मध्ये दिसत नाही.

धागाकर्ता

ताई, आभार. मशीनचा फोटो मोबाइलवर दाखवला, "हे तर चकलीच्या साच्यासारखं आहे" म्हणाली. गुरुवारी नंबर आहे. अजून एक, तिचं तोंड आता पूर्ण उघडत नाही. फुंकायची टेस्ट जमेल?

प्रतिसाद 1

टेक्निशियनला आधी सांगा. ओठांच्या कडेनं हवा गळली तर आकडा उगाच कमी येतो. आणि ऑक्सिजनचा चिमटा थंड बोटाला लावून 88 टक्के दाखवला तर लगेच घाबरू नका. हात गरम करून नाहीतर कपाळाला किंवा कानाला लावायच्या सेन्सरनं परत बघायला सांगा. तरीही कमीच आला तर मात्र गुरुवारची वाट बघू नका.