एच-इंडेक्स ५८ की २१? हवामानबदलाच्या पीएचडीसाठी गाइड कसा निवडायचा?

ओलाचिंब:
नमस्कार मंडळी. फिजिक्समध्ये एमएस्सी झालंय, आता हवामानबदलावर पीएचडी करायची आहे. दोघांशी मेलवर बोलणं चालू आहे. पहिल्या सरांचा गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ५८, सायटेशन्स (इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख) तीस हजारांच्या वर. दुसऱ्या मॅडमचा २१, सायटेशन्स दोन हजारही नाहीत. घरचे म्हणतात, यात विचार कसला करायचा! पण मॅडमचे पेपर वाचले की समजतात. सरांच्या पेपरात लेखकांच्या नावांचंच पान भरतं, सरांनी त्यात काय केलं ते कळत नाही. हा आकडा कितपत मनावर घ्यायचा?

कार्डकॅटलॉग:
बढतीच्या फायलींसाठी संशोधकांच्या पेपरांच्या याद्या तपासणं हे माझं अकरा वर्षांचं काम. त्यामुळे जरा लांबण लावतो.

५८ म्हणजे, ज्यांचा प्रत्येकी निदान ५८ वेळा उल्लेख झालाय असे ५८ पेपर नावावर आहेत. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेलं हे माप. गंमत बघा, मानाबे आणि वेदराल्ड यांचा १९६७ चा पेपर घ्या. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी सुमारे २.३ अंशांनी तापेल, हे त्यांनी आर्द्रतेचा परिणाम धरून मांडलं. मानाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पण एच-इंडेक्सच्या हिशेबात तो पेपर म्हणजे फक्त एक. तीनच पेपर लिहिणाऱ्याचा इंडेक्स तीनच्या वर जात नाही, मग त्या तीन पेपरांनी जग का हलवेना.

दुसरं म्हणजे, यादी त्याच माणसाची आहे का ते बघा. एकदा एका हवामानशास्त्रज्ञाच्या प्रोफाइलमध्ये मूत्रपिंडाच्या विकारांवरचे चौदा पेपर निघाले. आडनाव तेच, आद्याक्षरं तीच, स्कॉलरने आपणहून जोडून टाकलेले. ते काढल्यावर इंडेक्स सातने उतरला. त्या बिचाऱ्याने तीन वर्षांत स्वतःचं पान उघडून पाहिलं नव्हतं! (की पाहिलं होतं, देव जाणे.)

आता तुमच्या सरांची यादी सायटेशननुसार लावलेली असेल, ती वर्षानुसार लावा. वरचे मोठे पेपर सामूहिक आहेत का बघा. 'ग्लोबल कार्बन बजेट' हा जगाच्या कार्बनचा हिशेब मांडणारा पेपर दरवर्षी निघतो, त्यात शंभराच्या आसपास लेखक असतात आणि उल्लेख धो धो येतात. ते काम खोटं नाही, पण प्रत्येकाचा वाटा वेगळा. पेपरच्या शेवटी, संदर्भांच्या आधी, बारीक टायपात कोणी काय केलं याचा परिच्छेद असतो. तो कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

ग्रिडपॉइंट:
मी संगणकावर हवामानाची मॉडेलं चालवणारा माणूस, म्हणून एवढंच. सायटेशन म्हणजे दरवेळी 'विचार पटला' असं नसतं, पुष्कळदा 'तुमचा डेटा वापरला' एवढंच असतं. कॅल्ने आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा, जुन्या नोंदी आणि मॉडेल जुळवून मागचं हवामान पुन्हा मांडण्याचा, म्हणजे रीअ‍ॅनालिसिसचा पेपर घ्या. डेटा उतरवून घेतला की त्याचा उल्लेख करायचा, ही रीतच. मीसुद्धा तो आधी उद्धृत केला, वाचला नंतर. (सांगू नका कुणाला.)

उलट काही काम या मोजणीत येतच नाही. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २०२१ च्या पहिल्या कार्यगटाच्या अहवालात २३४ लेखक होते. चौदा हजारांवर संदर्भ तपासले, ७८ हजारांवर शेऱ्यांना एकेक करून उत्तरं दिली, आणि तीही बिनपगारी. ते शेरे-उत्तरं जाहीर आहेत. मॅडमचं नाव तिथे शोधून बघ.

ओलाचिंब:
दोघांचेही आभार. रात्री बसून सरांचे पहिले वीस पेपर उघडले. सतरा सामूहिक. उरलेल्या तिन्हींत सर पहिले लेखक, म्हणजे मुख्य काम त्यांचं, पण शेवटचा २००९ चा. मॅडमची यादी अशी तपासायची अजून बाकी आहे. पण मग सरांकडे जाऊच नये का?

कार्डकॅटलॉग:
असं नाही म्हणालो. मोठ्या गटात डेटा मिळतो, मोठा संगणक मिळतो, चार ओळखी होतात. तुम्हाला गाइड हवाय ना? मग त्यांचे नाही, त्यांच्या विद्यार्थ्यांचे पेपर मोजा. गेल्या पाच-सहा वर्षांत कोणकोणते विद्यार्थी पहिले लेखक झाले, पीएचडीला किती वर्षं लागली, आणि बाहेर पडल्यावर ते स्वतंत्रपणे लिहितायत का. हे कुठल्याच इंडेक्सात नाही, हाताने काढावं लागतं, दोन तास जातात. मग त्यातल्या एकाला सरळ मेल टाका आणि विचारा, सर ड्राफ्ट किती दिवसांत परत देतात.

ओलाचिंब:
दोघांच्याही एकेका विद्यार्थ्याला मेल टाकलाय. मॅडमच्या विद्यार्थिनीचं उत्तर वीस मिनिटांत आलं: "आठवड्यात. पण लाल शाईने पान भरलेलं असतं, तयारी ठेव."