फोर-टेनला ‘खेळणं’ म्हणणाऱ्या अण्णांना उत्तर

पहाटवारी (पेनसिल्व्हेनिया)

परवा अण्णांनी इथे रानटी टर्कीच्या शिकारीबद्दल लिहिलं: “फोर-टेन आणि 28 गेज ही खारी-सशांची खेळणी. टर्कीवर ती रोखणारा एक तर नवशिका, नाही तर निर्दय. 20 च्या खाली कुणी जाऊच नये, आणि खरं सांगायचं तर 12 सोडून दुसरं काही हातात धरू नये.” त्यावर ढिगाने अंगठे पडले, म्हणून हे लांबलचक लिहितेय. नवख्यांसाठी: गेज म्हणजे छर्‍याच्या बंदुकीच्या नळीचं माप, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक; फोर-टेन (.410 इंच) यांतली सगळ्यांत बारीक. छर्‍याच्या नंबरचंही तसंच, नंबर मोठा तितका छर्रा बारीक.

अण्णा, तुमचं गणित शिशाच्या काळातलं आहे. 12 गेजचं तीन इंची काडतूस घ्या: पावणेदोन औंस शिसं, 5 नंबर. छर्रे भरतात साधारण 300. आता फोर-टेनचं तीन इंची टंगस्टनचं घ्या: 13/16 औंस, 9 नंबर. छर्रे साधारण 295. मोजून बघा. छर्रा बारीक आहे, मान्य. पण टंगस्टनच्या छर्‍याची घनता 18, शिशाची 11. छर्रा किती आत शिरेल याचा अंदाज म्हणून घनता गुणिले व्यास केलंत तर 9 नंबरचं टंगस्टन आणि 4 नंबरचं शिसं एकाच पंगतीत बसतात. आणि आपल्याला पिसांच्या चिलखतातून छाती फोडायची नसते. डोकं आणि मान, बस.

दुसरं म्हणजे धक्का. माझ्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. त्याआधी नवऱ्याची साडेतीन इंची 12 गेज वापरायचे, आणि चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागले होते. डोळे मिटून झाडलेली गोळी पक्ष्याला दयाळू असते का? फोर-टेन हातात आल्यापासून चाप सुटेपर्यंत मला नराचं डोकं दिसत असतं. यात ‘निर्दय’ काय ते सांगा.

मिसूरीचा अण्णा

ताई, अंगठे पडले म्हणून राग आलेला दिसतो. असो.

छर्रे मोजलेत, मग एकेका छर्‍याचं वजनही सांगायचं होतं. 9 नंबर टंगस्टनचा दाणा 5 नंबर शिशाच्या निम्म्याहूनही हलका आहे. आत शिरतो हे मान्य करू, पण हाड मोडायला वजन लागतं.

आणि माझा मुद्दा तुमच्याबद्दल नव्हताच. तुम्ही पाच काडतुसांना चाळीस-पन्नास डॉलर मोजता, कागदावर झाडून छर्रे कसे पसरतात तो पॅटर्न बघता, मग रानात जाता. तुमचं लिखाण वाचून जो पोरगा स्वस्तातली एकनळी फोर-टेन आणतो, तो काय भरतो? दुकानात जे पडलं असेल ते. 6 नंबर शिसं, 11/16 औंस, दीडशेच्या आसपास छर्रे. आमच्या शेजारच्या पोराने तेच केलं. पस्तीस यार्डांवरून झाडली, नर लोळला, उठला आणि खाली ओढ्याच्या दाटीत पळाला. आम्ही दिवसभर शोधला. दोन दिवसांनी गिधाडांनी दाखवला. तेव्हापासून मला या बारक्या नळ्यांचं कौतुक ऐकवत नाही.

वऱ्हाडी बोअर (विस्कॉन्सिन)

काय राजे हो, काहून भांडता! आमच्या गावात पाटलाची बारा बोअर होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरावर झाडली की साऱ्या शिवारात आवाज. डुक्कर काही मरे नाही, आवाजानंच पये. पण पाटील दुसऱ्या दिवशी पारावर असा बसे, जसा वाघच मारला. अण्णा, तुमच्या बारा गेजच्या प्रेमात थोडा आवाजाचाबी वाटा हाय, खरं सांगा.

मिसूरीचा अण्णा

पाटलाचं मला काय सांगतोस. मी मिसूरीत टर्की मारतो, यवतमाळात डुकरं नाही.

टेक्सासकर देवा

दोघंही जुन्या जमान्यात आहात. आता 12 गेजमध्ये टंगस्टन, टाइट चोक (नळीचं आवळलेलं तोंड, म्हणजे छर्रे कमी पसरतात) आणि वर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच). आमच्याकडे रिओ ग्रान्दे टर्की उघड्या माळावर असतात, तीस यार्डांवर कोण येऊ देतं? मी साठला पाडलाय, जागेवर. त्यामुळे बारीक नळीचा प्रश्नच येत नाही. जितकं जास्त, तितकं चांगलं.

पहाटवारी

साठ यार्ड? देवा, मग बंदूक कशाला, तोफ घ्या. आमच्या पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या हंगामात टर्की साद घालूनच मारायची, दबा धरून पाठलाग करायचा नाही, असा नियम आहे. आणि मजाही तीच आहे. उजाडायच्या आत झाडाखाली बसायचं, तो वर फांदीवरून ओरडतो, तुम्ही स्लेटवर, म्हणजे मादीचा आवाज काढायच्या पाटीवर, हळूच उत्तर द्यायचं. तो पंख फुगवून पंचवीस यार्डांवर येऊन उभा राहतो तेव्हा फोर-टेनही जास्तच होते. साठवरून झाडायची असेल तर साद कशाला शिकायची?

मिसूरीचा अण्णा

हे वाक्य मी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. ताईंशी सहमत व्हायला लागतंय, देवा, हा तुझा दोष.

आंबटचुका (न्यू जर्सी)

सगळे डॉलर, औंस आणि यार्डच मोजताय. मी एक विचारते: पाय कुठे गेले?

प्रत्येकाच्या फोटोत छातीचे दोन तुकडे पिशवीत, बाकी पक्षी गायब. वीस पौंडांचा नर मारायचा आणि तंगड्या, मांड्या, पंख कोल्ह्यांना टाकून यायचं. आणि वर दयेच्या गप्पा. अण्णा, तुमच्याही फोटोत मागच्या वर्षी तेच होतं.

मिसूरीचा अण्णा

रानटी टर्कीची तंगडी कधी चावून बघितली आहे? चामडं. आत सुया असाव्यात तसे कडक स्नायुबंध. पाळीव टर्की आयुष्यभर उभी असते, ही डोंगर चढते.

आंबटचुका

चावून? अण्णा, तंगडी चावायची नसते, शिजवायची असते! कातडी काढा, हळद-मीठ, आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा. मग मंद आचेवर तीन-चार तास, किंवा सरळ कुकर. मांस हाडावरून आपोआप सुटतं आणि ते कडक दोरे हाताने उपसून काढता येतात. मग भाजलेलं सुकं खोबरं, कांदा आणि मालवणी मसाला घालून सुकं करा. गावठी कोंबड्याचं करता तसंच. छातीचं मांस कोरडं होतं, खरी चव मांडीत आहे.

वऱ्हाडी बोअर

सावजी मसाला टाका ताई. मालवणीनं काय व्हते.

आंबटचुका

सावजीत टर्की आहे की बूट आहे हे कळतं का?

वऱ्हाडी बोअर

आता हे लय झालं. या एकदा घरी, तंगडी खाऊ घालतो अन् मग बोला.

टेक्सासकर देवा

मी तंगड्यांचे टॅमाले (मक्याच्या पिठात मांस भरून वाफवलेले मुटके) करतो. आमची मेक्सिकन शेजारीण शिकवून गेली. मी काही टाकत नाही, हे नोंदवून घ्या.

दाढदुखी (ओहायो)

मी दंतवैद्य आहे, म्हणून या पाककलेत नाक खुपसतो. शिशाचा छर्रा दाताखाली आला तर दबतो. टंगस्टन दबत नाही, दाढ तडकते. 9 नंबरचा दाणा दोन मिलिमीटरचा, सुक्याच्या मसाल्यात दिसणारही नाही. शिसं पोटात जाणं वाईट, पण म्हणून टंगस्टन चावायचं नाही. मांस बोटांनी चाचपून, छर्‍याची वाट दिसते तिथे कापून घ्या.

पहाटवारी

डॉक्टर, मांडीत छर्रे जातातच का, ते विचारा. पंचवीस यार्डांवर सगळा झुबका डोक्या-मानेवर असतो. साठवरून मारलं की तो पसरतो आणि छाती-मांडीत पेरणी होते. देवांच्या टॅमालेत किती निघतात ते त्यांनाच विचारा.

टेक्सासकर देवा

एकदा निघाला होता. एकच. आणि तो शिशाचा होता.

मिसूरीचा अण्णा

हे बघा, तंगडीवरून तुम्ही मला भरपूर झोडपलंत. ठीक. या वर्षी एक तंगडी कुकरला लावेन. बायको घराबाहेर काढेल, ते तुमच्या माथी.

पण मूळ मुद्द्यावर मी हललेलो नाही. ताई, तुमची फोर-टेन चालते, कारण तुम्ही काटेकोर आहात. काटेकोर माणसाच्या हातात सगळंच चालतं. सल्ला सरासरी माणसासाठी द्यायचा असतो. सरासरी माणूस अंतर चुकतो, उत्तेजित होतो, त्याला जास्तीचे छर्रे हवेत.

पहाटवारी

सरासरी माणूस अंतर चुकतो, म्हणून त्याला मोठी नळी द्यायची, म्हणजे तो आणखी लांबून झाडेल? देवा समोर बसलेत, उदाहरण शोधायची गरज नाही. आणि जास्तीचे छर्रे म्हणाल तर टाइट चोकमधून पंधरा यार्डांवर 12 गेजचा झुबकासुद्धा मुठीएवढाच असतो. जवळचा नर तिथेच चुकतो.

मिसूरीचा अण्णा

बरं बाई. टंगस्टन असेल, चाळीस यार्डांवर दहा इंची वर्तुळात शंभर छर्रे मोजून दाखवलेत, आणि तरीही तीसच्या पुढे झाडणार नाही असं कबूल केलंत, तर फोर-टेन चालेल. यातली एक अट जरी तुटली तर 20 गेज. यापुढे मी एक इंच सरकणार नाही, आणि याला हार म्हणू नका.

नवागत (मिशिगन)

सगळा धागा वाचला. माझ्याकडे सासऱ्यांची जुनी फोर-टेन आहे, सोबत 6 नंबर शिशाच्या दोन डब्या. पहिलाच हंगाम आहे. चालेल ना?

मिसूरीचा अण्णा

घ्या. हाच तो पोरगा. बाळा, 20 गेज कुणाची तरी उसनी घे.

पहाटवारी

उसनी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर आधी तुमच्या राज्याची नियमपुस्तिका उघडा, बोअर आणि छर्‍याचे नियम राज्यागणिक वेगळे असतात. मग कागदावर टर्कीचं डोकं काढा, वीस यार्डांवरून झाडा, कवटी आणि मानेच्या हाडात किती गेले ते मोजा. कमी वाटले तर पंधरावर या. तिथून पुढचं अंतर सासऱ्यांनी सांगितलं तरी ऐकू नका.

मिसूरीचा अण्णा

शिशाने वीस यार्ड? पंधरा म्हणा.

पहाटवारी

कागद सांगेल तेवढे, अण्णा.