सी डे म्हणजे वाया गेलेला दिवस? अजिबात नाही!

खारा_वारा (धागाकर्ती)

काल लक्षद्वीप क्रूझच्या धाग्यावर एका सदस्याने लिहिलं की "चार रात्रींचे पैसे घेतात आणि त्यातले दोन दिवस नुसतं पाणी दाखवतात, सी डे म्हणजे निव्वळ लूट, झोपा काढा, बुफे हाणा, बाकी काही करण्यासारखं नसतं." खाली धडाधड अंगठे. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. (सी डे म्हणजे जहाज कुठल्याच बंदराला न लागता दिवसभर समुद्रात चालत असतं तो दिवस.)

आधी हिशोब करा. मुंबई ते लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट सरळ रेषेत धरलं तरी साधारण ९०० किमी. जहाज १६ नॉटने चाललं तर ताशी ३० किमी. म्हणजे तीस तास लागणारच, त्यात लूट कुठे आली? कोचीहून अगत्तीला विमान जातं, घाई असेल त्याने ते घ्यावं. जहाजाने निघायचं आणि समुद्र दिसतो म्हणून तक्रार करायची हे मला कळतच नाही.

बंदराच्या दिवशी आपण रांगेतच असतो. उतरायची रांग, छोट्या बोटीची रांग, परत चढायची रांग. जहाजावर निवांत असा दिवस मिळतो तो सी डेच, पण त्यासाठी आदल्या रात्री जरा डोकं लावावं लागतं. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम केबिनमध्ये किंवा ॲपवर येतो, त्यातल्या दोन-तीनच गोष्टी ठरवा. सगळं करायला गेलात तर दिवसभर लिफ्टसमोर उभे राहाल. नऊ-साडेनऊला बुफेकडे फिरकू नका, तेव्हा अख्खं जहाज तिथे असतं. त्याच वेळी खाली टेबलावर आणून वाढणारं रेस्टॉरंट उघडं असेल तर तिथे जा, आरामात बसायला मिळतं.

डिसेंबर-जानेवारीत जाताना जहाजाचं तोंड जवळजवळ सरळ दक्षिणेला असतं. म्हणजे सकाळी सावली उजव्या बाजूच्या डेकवर, दुपारनंतर डाव्या. सूर्यास्त जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. एवढं लक्षात ठेवलं तरी खुर्ची घेऊन उन्हामागे पळावं लागत नाही. उडते मासे बघायचे असतील तर सगळ्यात वरच्या डेकवरून काही दिसणार नाही, खालच्या डेकवर पुढच्या बाजूला कठड्याशी उभे राहा. जहाज पाणी कापत जातं तसे ते बाजूला उसळतात आणि लाटेवरून पार पन्नास-साठ मीटर तरंगत जातात. माझे सासरे घरी टीव्हीसमोरून उठत नाहीत, त्यांनी सबंध सकाळ तिथे उभं राहून काढली आणि जेवायला हाक मारली तर रागावले.

हे नुसतं पाणी नाहीये हो. बघायला शिका.

पेणकर

तो प्रतिसाद माझाच होता, आणि मी एक अक्षर मागे घेणार नाही.

उडते मासे तुम्हाला दिसले, छान. आमची आई पहिल्या सी डेला दुपारपासून जी आडवी झाली ती बेट दिसेपर्यंत उठली नाही. बेटाच्या दिवशी वाऱ्यामुळे छोट्या बोटी सोडल्याच नाहीत. तिथे लगून (बेटाभोवतीचं प्रवाळाच्या आतलं पाणी) उथळ, मोठं जहाज बाहेर उभं राहतं, बोटी नाहीत तर उतरणं नाही. म्हणजे आमची अख्खी ट्रिपच सी डे झाली आणि बेट आम्ही लांबून बघितलं! वर डेकवर सकाळी दहापासून डीजे. तुमचा शांत समुद्र कुठल्या जहाजावरून दिसतो ते सांगा, त्याचंच तिकीट काढतो. आणि बसायला जागा? सकाळी सातला वर गेलो तर सावलीतल्या झाडून सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल, टॉवेलवर एकेक चप्पल, माणूस एकही नाही. साडेदहापर्यंत कुणी आलं नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची सवय आपण समुद्रात पण घेऊन गेलोय.

खारा_वारा

@पेणकर, आईंचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण केबिन कुठे होती? पुढच्या टोकाला किंवा वरच्या मजल्यावर असेल तर हलणारच. मधली आणि खालची घ्यायची, तिथे डोलणं सगळ्यात कमी जाणवतं. आणि अवोमिनसारखी गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहतच नाही (वयस्कर माणसांना डॉक्टरांना विचारूनच द्या). बंद केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघत बसलं की बरं वाटतं.

पेणकर

बसलं की! कुठे बसलं? खुर्च्यांवर टॉवेल होते म्हणून तर आईला खाली न्यावं लागलं!!

वसुधा_ठाणे

टॉवेलवाल्यांना शिव्या घालणाऱ्यांनी जरा दुसरी बाजू पण ऐका. मी टाकते टॉवेल. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, त्यांना सावलीतली, लिफ्टजवळची आणि वॉशरूमजवळची अशीच खुर्ची लागते, ती दहा वाजता मिळत नाही. त्यांना उठवून, गोळ्या देऊन, नाश्ता करून वर आणेपर्यंत दीड तास जातो. मग काय करायचं? त्यांना खोलीत कोंडून ठेवू? तिकिटाचे पैसे त्यांचेही तेवढेच भरलेत.

पेणकर

माझ्या आईचे पण भरले होते ताई. तुमच्या सासूबाई नाश्ता करत होत्या तेव्हा माझी आई कठड्याला धरून उभी होती आणि शेजारी रिकामी खुर्ची होती. त्या खुर्चीवर टॉवेल बसला होता.

वसुधा_ठाणे

उचलायचा मग टॉवेल! आजारी बाईसाठी मागितली असती तर कोण नाही म्हणणार होतं? पण नाही, तिथे गप्प बसायचं आणि घरी येऊन इथे लांबलचक लिहायचं. आणि "आपण" एसटीची सवय नेली वगैरे काय लावलंय? परदेशातल्या जहाजांवर पण हेच चालतं, माझी बहीण भूमध्य समुद्रातल्या क्रूझला गेली होती, तिथे गोरे लोक सहाला उठून टॉवेल टाकतात. उगाच प्रत्येक गोष्टीत मराठी माणसाला झोडपायचं.

पेणकर

मागायची कुणाकडे? चपलेकडे? माणूस असता तर मागितली असती ना! आणि लोकांच्या वस्तू उचलायचे संस्कार आमच्याकडे नाहीत.

शिरीष_नाशिक

मूळ विषय बाजूला राहिला पण डीजेबद्दल पेणकरांशी शंभर टक्के सहमत. त्याहून वाईट म्हणजे हेडफोनशिवाय रील बघणारे. सूर्यास्त होतोय, मागे बारा मोबाइल वाजतायत. आणि फोनवरून आठवलं, किनारा लांब गेला की आपली रेंज संपते आणि फोन गुपचूप जहाजाचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो. माझ्या मेव्हण्याचं एका सकाळीत इतकं बिल आलं की कंपनीशी दोन महिने भांडत होता, एक पैसा कमी झाला नाही. धक्का सोडायच्या आधी एअरप्लेन मोड. धागाकर्तीने हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, सावल्या नंतर.

कॉन्ट्रॅक्ट_संपलं

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. मी रत्नागिरीचा. क्रूझवर वर्षानुवर्षं काम केलं, आधी हाउसकीपिंग, मग पूल डेक (पोहायच्या तलावाचा वरचा डेक). तुम्ही सगळे सी डेवर भांडताय, पण तो दिवस आमच्या बाजूने कसा असतो ते कुणाच्या डोक्यात पण आलं नाही.

बंदराला जहाज लागलं की निम्मे पाहुणे खाली उतरतात, आम्हाला पण आळीपाळीने तासभर खाली जाऊन घरी फोन करता येतो. सी डेला सगळेच्या सगळे वर. दुकानं आणि कॅसिनो बंदरात बंद असतात ते समुद्रात उघडतात, म्हणजे तिथल्या पोरांना पण सुटका नाही. कागदावर नियम आहे, आंतरराष्ट्रीय करारात चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती आणि आठवड्यात ७७ तास, पण ते दहा तास दोन तुकड्यांत देता येतात. एक तुकडा सहा तासांचा हवा, बस. त्यात अंघोळ, कपडे, जेवण, घरचा फोन. आणि कॉन्ट्रॅक्ट सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचं.

आता टॉवेल. मी ज्या जहाजावर होतो तिथे नियम होता की अर्धा तास माणूस आला नाही तर टॉवेल आणि सामान उचलायचं. आधी वेळ लिहिलेली चिठ्ठी लावायची, मग उचलायचं. उचललं की पाहुणा येऊन ओरडायचा, नाही उचललं तर दुसरा ओरडायचा. आणि ट्रिपच्या शेवटी फॉर्म भरताना दोघेही आमच्या नावाने लिहायचे. पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्या फॉर्मवर ठरतं. म्हणून पोरं चिठ्ठी लावायचं टाळतात. पेणकर साहेब, तुम्ही जवळच्या पोराला नुसतं "आईला चक्कर येतेय" म्हणाला असतात तर त्याने धावत जाऊन खुर्ची आणली असती. वसुधाताई, तुम्ही आदल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसला गुडघ्यांचं सांगून ठेवा, आम्ही असे पाहुणे लक्षात ठेवायचो.

वसुधा_ठाणे

गेस्ट सर्व्हिसला सांगितलं होतं. काउंटरवर "हो मॅडम" म्हणाले आणि वर कुणाला पत्ताच नव्हता. तरी तुमचं लिहिणं पटलं, फॉर्ममध्ये नाव टाकून लिहिताना यापुढे विचार करीन. टॉवेल मात्र टाकणारच.

पेणकर

कॉन्ट्रॅक्ट_संपलं, तुमच्याबद्दल आदर आहे. पण बघा, तुम्ही स्वतःच सांगताय की सी डेला जहाज फुल्ल असतं आणि सगळे वैतागलेले असतात. म्हणजे माझाच मुद्दा झाला ना?

कॉन्ट्रॅक्ट_संपलं

नाही. सकाळी साडेपाच ते आठ आणि दुपारी जेवणानंतर तासभर डेकवर कुणी नसतं. आम्ही खुर्च्या लावत असायचो आणि तेवढ्यात पाणी बघून घ्यायचो. ताईंनी माशांचं लिहिलंय ते खरं आहे. मला तेवढे दोन तास नसते तर मी पहिल्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये घर गाठलं असतं.

देवगडचा_तात्या

वय पंच्याऐंशी, नातू टाइप करून देतो. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने जायचो. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग करत बोट देवगडला लागायची, आणि तिथेही बोट बाहेर उभी राहायची, आम्ही पडावात (लहान होडीत) उतरायचो. डेकवर पथारी टाकली की ती जागा आपली, पण म्हातारं माणूस किंवा तान्हं पोर घेऊन कुणी आलं की पथारी गुंडाळून जागा द्यायची, न सांगता. बोट लागली, म्हणजे मळमळायला लागलं, की सगळा डेक ओकायचा, लिंबू हुंगत बसायचो. तेव्हा कुणी विचारलं नाही की दिवस वाया गेला का. गावाला जायचं होतं, गेलो. सुनबाई, पथारी टाका, पण गरजवंत दिसला तर उचला. पेणकर, तू पण मागायला लाजू नको.

खारा_वारा

तात्या, यावर वेगळा धागा काढा हो, नातवाला सांगा.

@पेणकर, डीजे आणि खुर्च्यांचं तुमचं म्हणणं मान्य. पूल डेकवर सी डेला शांतता मिळत नाही. पण माझं पहिल्यापासून तेच चाललंय की पूल डेकवर जाऊच नका! जहाजाला बाकीचे मजले आहेत. खालचा फिरायचा डेक, मागच्या टोकाची बाकं, लायब्ररी किंवा कार्ड रूम असेल तर ती. तुम्ही जहाजाच्या एकाच मजल्यावर बसून सबंध समुद्राला नावं ठेवताय.

आणि लूट हा शब्द मला अजूनही खटकतो. बोटी सुटल्या नाहीत ते वाऱ्यामुळे, आणि त्या वाऱ्यात वयस्कर माणसांना हलत्या बोटीत उतरवलं असतं तर तुम्हीच पहिले ओरडला असता.

पेणकर

ओरडलो असतो, खरंय. "लूट" काढून "महाग" लिहितो. पण आईला पुन्हा समुद्रात नेणार नाही, आणि सी डे नसलेली क्रूझ मिळाली तरच स्वतः जाईन. मुंबईहून रात्री निघून सकाळी गोवा, तेवढं पुरे.

रुपाली_बडोदा

इतकं सगळं वाचलं, आता एक साधा प्रश्न. जानेवारीत आम्ही चौघं जातोय, दोन लहान मुलं. बाल्कनी परवडत नाही, खिडकीवाली केबिन घेतोय. डावी घेऊ की उजवी?

खारा_वारा

खिडकीसाठी फार फरक पडत नाही, जाता-येता दोन्ही बाजूंना एकेक सूर्यास्त येतो. जहाजाच्या मध्यावरची मिळते का ते आधी बघा. आणि बोर्डिंगच्या दिवशीच किड्स क्लबमध्ये नाव घाला, सी डेला सकाळी तिथे जागा उरत नाही. वयाची अट विचारून घ्या, फार लहानांना एकटं ठेवून घेत नाहीत.

वसुधा_ठाणे

आणि मुलांसाठी खुर्ची सातच्या आत धरा.

पेणकर

झालं सुरू!