१९४२ चा खानदेश पायी पाहायचा असेल तर नंदुरबार की धुळे?

प्रश्न (जळगावहून एक शिक्षक):
नववीच्या विद्यार्थ्यांना स्वातंत्र्यलढ्याच्या खानदेशातील खुणा पायी हिंडून दाखवाव्यात, अशी इच्छा आहे. एकच दिवस हाताशी असल्याने कोणते शहर निवडावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नंदुरबारकर:
सर, आपण नंदुरबारच निवडावे; ताप्ती मार्गावरील रेल्वेने जळगावहून थेट येता येते. ‘छोडो भारत’ चळवळीला नेमका एक महिना होत असताना, 9 सप्टेंबर 1942 रोजी निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मे झाले. शिरीषकुमार तेव्हा अवघा 15 वर्षांचा, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता. ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ ही त्या मुलांची घोषणा गुजरातीत होती, हे मुलांना जरूर सांगावे, कारण खानदेशच्या या टोकाला मराठी, अहिराणी, गुजराती आणि भिल्ली बोलणारी माणसे एकाच बाजारपेठेत वावरतात. माणिक चौकातील स्मारकापाशी घाई न करता थांबावे, आणि तेथवर बाजारातून चालतच जावे.

धुळेकर:
वरील मताबद्दल आदर राखून धुळ्याची बाजू मांडतो. 1932 साली, 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तुरुंग आजही वापरात असल्याने आत जाण्यासाठी आधी लेखी परवानगी काढावी लागेल. इतिहासाची जुनी कागदपत्रे जपणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळाला मात्र पुरेसा वेळ द्यावा. तरीही केवळ 1942 दाखवायचे असेल, तर नंदुरबारला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे.

शिंदखेडा तालुक्यातून:
बसने धुळ्याहून दोंडाईचामार्गे नंदुरबारला जाणार असाल, तर वाटेत चिमठाण्याला उतरावे. 14 एप्रिल 1944 रोजी साताऱ्याच्या प्रतिसरकारचे (इंग्रज सत्तेला समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारचे) जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि त्यांचे साथीदार यांनी स्थानिक कार्यकर्त्यांच्या साहाय्याने येथे सरकारी खजिना लुटला, तो चळवळीच्या खर्चासाठी. महायुद्ध चालू असताना कृष्णाकाठची माणसे तापीच्या खोऱ्यापर्यंत येतात, यावरून भूमिगतांचे जाळे किती दूरवर पसरले होते, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल.